मार्को व्हॅन बास्टेनचा घोटा: निर्णय कोणाचा होता?

उजवी बाजू (धागाकर्ता)

१८ ऑगस्ट १९९५ ची एक चित्रफीत आहे. मिलानचं सॅन सिरो स्टेडियम. एसी मिलान विरुद्ध युव्हेंटस, हंगाम सुरू व्हायच्या आधीचा सामना. सुएडचं तपकिरी जॅकेट आणि जीन्स घातलेला एक उंच माणूस मैदानात येतो, डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतो आणि हलक्या पावलांनी धावत एक फेरी मारतो. आदल्याच दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केलेली असते. वय ३०, पण शेवटचा अधिकृत सामना खेळला तेव्हा तो फक्त २८ वर्षांचा होता. कडेला बाकावर मिलानचे प्रशिक्षक फाबिओ कापेलो रडत असतात. कापेलोंसारखा कडक माणूस!

मी हे कितीदा पाहिलं असेल याची गणती नाही. दरवेळी मनात तोच विचार येतो, म्हणून आज धागा काढतोय.

व्हॅन बास्टेनविषयी लिहिताना सगळे 'दुर्दैव' हा शब्द वापरतात. 'नियतीने घात केला', 'देवाने दिलं आणि काढून घेतलं' वगैरे. माझं म्हणणं स्पष्ट आहे, हे दुर्दैव नव्हतं. माणसांनी घेतलेले निर्णय होते, आणि त्यातला पहिला निर्णय डच फुटबॉलचं दैवत असलेल्या योहान क्रायफ यांचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हॅन बास्टेन हा डच स्ट्रायकर, १९६४ चा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातला. ३ एप्रिल १९८२ ला आयाक्स या डच क्लबकडून पहिल्यांदा मैदानात उतरला तो बदली खेळाडू म्हणून, आणि बाहेर गेला होता खुद्द क्रायफ. त्याच सामन्यात गोलही मारला. पुढे सलग चार हंगाम डच लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच, त्यातल्या १९८५-८६ मध्ये तर ३७. तोवर क्रायफ आयाक्सचे प्रशिक्षक झाले होते. डिसेंबर १९८६ मध्ये ग्रोनिंगेनविरुद्ध खेळताना त्याचा घोटा दुखावला. किरकोळ मुरगळणं नव्हतं ते. २०१९ च्या आत्मचरित्रात त्याने सगळं लिहिलं आहे. आणखी बिघडण्यासारखं काही नाही असं त्याला सांगण्यात आलं आणि क्रायफबरोबर एक समझोता झाला: सराव कमी कर, लीगचे काही सामने सोड, पण युरोपातले सामने मात्र खेळायचे. तो खेळला. मे १९८७ मध्ये अथेन्सला लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध कप विनर्स कपच्या (देशोदेशीच्या कप विजेत्यांची युरोपातली स्पर्धा) अंतिम सामन्यात एकमेव गोल त्याचाच. कप्तानही तोच. आयाक्सला कप मिळाला, क्रायफना प्रशिक्षक म्हणून पहिला युरोपियन कप मिळाला.

आणि त्या मुलाला काय मिळालं? मिलानमधल्या पहिल्याच हंगामात शस्त्रक्रिया, लीगचे जेमतेम ११ सामने. मग मधली काही झळाळती वर्षं. मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणखी एक, पायाभोवती लोखंडी कडी. आत्मचरित्राची सुरुवातच अशी आहे की रात्री बाथरूमला जायला तो हातागुडघ्यांवर रांगत जातोय. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तीनदा मिळवलेला माणूस, स्वतःच्या घरात, अंधारात!

डिसेंबर १९८६ मध्ये तो २२ वर्षांचा होता. २२ व्या वर्षी आपल्या दैवताने 'खेळ' म्हटलं तर कोणता मुलगा नाही म्हणेल? तेव्हा नाही म्हणायचं काम थोरल्याचं होतं. ते झालं नाही.

---

मिलानवेडा

उजवी बाजू, तुमच्या भावनेला मान देऊनच म्हणतो, पूर्ण असहमत.

तुमचा हिशेब तारखांवर टिकत नाही. डिसेंबर १९८६ चा निर्णय इतका घातक होता, तर त्यानंतरचं सगळं कुठून आलं? बॅलन डी ओर, म्हणजे तुम्ही म्हणता तोच युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, १९८८, १९८९ आणि १९९२. तिन्ही त्या घोट्यानंतरचे. १९८८ ची युरो स्पर्धा त्यानंतरची. १९८९ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात मिलानने बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर स्टेआउआ बुखारेस्टला ४-० ने लोळवलं, त्यात त्याचा डच साथीदार गुलिटचे दोन आणि याचे दोन. १९९१-९२ मध्ये मिलान अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकली आणि २५ गोल मारून सर्वाधिक गोलांचा मानकरी हाच होता. त्या काळातल्या इटालियन लीगमध्ये २५ गोल म्हणजे काय चीज होती! बचाव करणाऱ्यांचीच ती लीग. मिलानकडून एकूण २०१ सामन्यांत १२५ गोल.

आता नोव्हेंबर १९९२ बघा. ८ तारखेला नापोलीविरुद्ध त्यांच्याच मैदानावर चार गोल. २५ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये गोथेनबर्गविरुद्ध चार गोल. या स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाल्यानंतर एका सामन्यात चार गोल मारणारा तो पहिला, आणि त्यातला एक हवेत आडवं होऊन, डोक्यावरून मारलेला. हा पाय संपलेला होता का? चार आठवड्यांनी, डिसेंबरात, सेंट मॉरिट्झला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा कधीच दिसला नाही. एप्रिलमध्ये परतला, २६ मे १९९३ ला म्युनिकमध्ये मार्सेलविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला, ८६ व्या मिनिटाला बाहेर आला आणि खेळ संपला.

दोष शोधायचाच असेल तर डिसेंबर १९९२ मध्ये शोधा. सहा वर्षं मागे जाऊन क्रायफच्या डोक्यावर खापर फोडू नका. आणि अजून एक. ग्रोनिंगेनविरुद्धची ती दुखापत कोणी रांगड्या बॅकने (बचावपटूने) केलेली नव्हती. टॅकल करायला व्हॅन बास्टेन स्वतःच घुसला होता.

---

उजवी बाजू

मिलानवेडा, टॅकल त्याने स्वतः केला होता हे मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पण दुखापत कशी झाली हा माझा मुद्दा नव्हताच. झाल्यावर काय केलं, हा आहे.

आणि १९८६ नंतर तो चांगला खेळला म्हणून १९८६ चा निर्णय बरोबर, हे मला पटत नाही. पायाखालची फळी कुजलेली असताना माणूस सहा वर्षं तिच्यावरून चालला, म्हणून फळी धड होती असं होत नाही.

---

अस्थिरोहिणी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं काम करतेय, त्यातली बरीच खेळाडूंबरोबर. त्या घोट्याच्या एक्स-रे फिल्म्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्याच्याविषयी निदान करणार नाही. पण 'सहा वर्षं चालला म्हणजे ठीक होता' या विधानावर बोलायला हवं.

घोट्याचं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं आणि ते नीट भरून यायच्या आत खेळाडू मैदानात गेला, तर सांधा ढिला राहतो. ढिला म्हणजे दुखतोच असं नाही. बऱ्याचदा सूज उतरते, दुखणं जातं, खेळाडू म्हणतो मी फिट आहे. पण पाऊल टेकताना, वळताना, हाडं एकमेकांवर जिथे सरकायला हवीत तिथून जरा बाजूला सरकतात. दर सामन्यात शेकडो वेळा. त्यात झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती गेली की परत येत नाही. आणि तिला स्वतःची वेदनाही नसते. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड उघडं पडायला लागलेलं असतं. हे सगळं व्हायला पाच-सात वर्षं सहज लागतात.

त्यामुळे मिलानवेडा, तुम्ही दाखवलेली ती सोनेरी वर्षं आणि झीज, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चार गोल मारणारा पाय आतून संपत आलेला असू शकतो. मी असे पाय पाहिले आहेत.

पण उजवी बाजू, तुमचंही सगळं खरं नाही. एका रात्रीत, एका माणसाने घोटा घालवला असं कधीच नसतं. इटलीत त्याला मागून किती लाथा बसल्या असतील! त्या काळी मागून केलेल्या टॅकलला पंच बऱ्याचदा फ्री किक देऊन मोकळे व्हायचे. फिफाने १९९४ च्या विश्वचषकात त्याबाबत कडक सूचना दिल्या आणि १९९८ पासून मागून केलेला धोकादायक टॅकल म्हणजे थेट लाल कार्ड, हे नियमात स्पष्ट आलं. तोवर हा घरी बसला होता.

शेवटी त्याचा घोटा कायमचा जोडूनच टाकावा लागला. तो सांधा आता हलत नाही, पण दुखतही नाही. एकेकाळी ज्या पावलाच्या नाजूक कोनावर जग फिदा होतं, त्याला आराम मिळाला तो कोनच बंद केल्यावर.

---

पेठेतला बॅक

राम राम मंडळी. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेच्या संघाकडून अकरा वर्षं बॅक खेळलो. त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने बोलणार, म्हणजे ज्यांनी स्ट्रायकरांचे घोटे फोडले त्यांच्या बाजूने म्हणा हवं तर.

उजवी बाजू, तुम्ही म्हणताय थोरल्याने नाही म्हणायला पाहिजे होतं. अहो, थोरल्याने नाही म्हटलं तर खेळाडू त्याचं ऐकतो असं वाटतंय काय तुम्हाला? २००४ साली फायनलच्या आठ दिवस आधी माझा डावा घोटा असा सुजला होता की बूट आत जाईना. माझा भाऊ म्हणाला खेळू नको. आई म्हणाली खेळू नको. मी बुटाची नाडी खालच्या तीन भोकांतनं काढली, क्रेप बँडेज आवळलं, वरनं मोजा चढवला आणि उभा राहिलो. पहिली पंधरा मिनिटं दुखलं, नंतर पाय आहे का नाही तेच कळेना. सगळी पेठ गॅलरीत होती. आम्ही जिंकलो. रात्री गुलालात माझा फोटो आहे, खुर्चीत बसलेला, कारण उभं राहता येत नव्हतं.

आज जिना उतरताना मी बाजूला तोंड करून एकेक पायरी उतरतो. बायको रोज बोलते. पण तो निर्णय माझा होता. कोणी उद्या म्हणालं की तुला फसवून खेळवलं, तर मला राग येईल. माझ्या आयुष्यातला जो एक मोठा दिवस आहे, तो कोणाच्या तरी चुकीत जमा करताय असं वाटेल.

व्हॅन बास्टेन लहान पोर नव्हता. कप्तान होता. त्याला कप पाहिजे होता. क्रायफने सांगितलं नसतं तरी तो उतरलाच असता.

---

सांजवारा

पेठेतला बॅक, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यांत पाणी आलं, तरी मला तुमच्याशी वादच घालायचा आहे.

तुम्हाला भाऊ आणि आई 'खेळू नको' म्हणत होती. तुमच्याकडे नाही म्हणणारं कोणीतरी होतं. तुम्ही त्यांचं ऐकलं नाहीत, म्हणून तो निर्णय तुमचा झाला. 'आणखी बिघडणार नाही' असं जर तुम्हाला आधीच सांगितलं असतं, तर तुम्ही नेमका कशाचा निर्णय घेतला असता? किंमत माहीत नसताना केलेला सौदा हा सौदाच नव्हे.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ठाण्यात खेळतो. मागच्या पावसाळ्यात त्याचा पाय मुरगळला. प्रशिक्षक म्हणाले, स्प्रे मारा, रविवारी सामना आहे, तो आमचा मुख्य खेळाडू आहे. मुलगा माझ्याकडे न बघता बूट घालायला लागला. त्याचा चेहरा पाहिला असतात तर तुम्हीही म्हणाला असतात की खेळायचा निर्णय त्याचाच आहे. मी त्याला गाडीत घालून घरी आणलं. दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही.

---

झाउलेनचा शेजारी

मी गेली नऊ वर्षं उट्रेख्तला राहतो. व्हॅन बास्टेन लहानपणी जिथे खेळला त्यातला एक क्लब, एलिंकवेक, आमच्याच भागात आहे, झाउलेनमध्ये. शनिवारी सकाळी तिथे लहान मुलांचे सामने असतात, पालक कडेला कॉफी पीत उभे असतात. तुम्हाला वाटेल की तिथे त्याच्या नावाने केवढा गहिवर असेल. तसं फारसं नाही. डच लोक त्याच्याविषयी बोलतात तेव्हा पहिल्यांदा १९८८ च्या युरो अंतिम सामन्यातला तो गोल येतो, आणि घोट्याविषयी बोलताना सूर हळहळीचा कमी आणि वादाचा जास्त असतो. क्रायफना इथे देवासारखं मानतात, तरी क्रायफ चुकले असं म्हणणारे मला इथेच भेटले.

व्हॅन बास्टेनने स्वतः क्रायफशी वैर धरलेलं नाही, हे या चर्चेत यायला हवं. झालं ते त्याने लिहून ठेवलं, चूक म्हणून लिहिलं, आणि क्रायफवरचं प्रेमही लिहिलं. वडिलांविषयी माणूस जसं लिहितो तसं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण सगळे त्याला फक्त जखमी हरीण करून ठेवतो. त्यानंतर तो तीस वर्षं जगलाय. २००४ ते २००८ नेदरलँड्सचा प्रशिक्षक होता. २००८ च्या युरोत त्याच्या संघाने इटलीला ३-० आणि फ्रान्सला ४-१ हरवलं, आणि मग उपांत्यपूर्व फेरीत गुस हिडिंक यांच्या रशियाकडून हरले. एझेड अल्कमार या डच क्लबचा प्रशिक्षक असताना ताणामुळे छातीत धडधड व्हायला लागली, तेव्हा त्याने मुख्य प्रशिक्षकपद सोडून सहायक होणं पत्करलं. २०१४ ची गोष्ट. माझ्या मते तो त्याच्या आयुष्यातला फार मोठा निर्णय होता. या वेळी शरीराने सांगितलेलं त्याने ऐकलं. २०१९ मध्ये टीव्हीवर नाझी घोषणा उच्चारून बसला, त्याचा इथे योग्य तोच निषेध झाला आणि त्याने माफी मागितली. म्हणजे माणूस आहे, चुकतो. त्याला देव्हाऱ्यात बसवून त्याची दया करू नये असं मला वाटतं.

---

मिलानवेडा

झाउलेनचा शेजारी, प्रशिक्षक म्हणून तो साधारणच होता यावर एक स्वतंत्र धागा होईल. इथे नको.

अस्थिरोहिणीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कूर्चेला वेदना नसते हे मला माहीत नव्हतं. माझा 'मग नोव्हेंबर १९९२ कुठून आला' हा प्रश्न त्यामुळे बराच लंगडा पडला, हे मान्य करतो.

तरी माझा मूळ आक्षेप वेगळा आहे, आता नीट मांडतो. लोक सारखं म्हणतात की तो अजून सहा-सात वर्षं खेळला असता तर काय झालं असतं. पेले-माराडोनाच्या पंगतीत बसला असता वगैरे. मला हे अपमानास्पद वाटतं. जे झालं ते पुरेसं नाही का? आयाक्स आणि मिलान मिळून ३७३ सामन्यांत २७७ गोल. उंची सहा फुटांच्या वर, आणि पाय एखाद्या ठेंगण्या विंगरचे. हेडर, व्हॉली (चेंडू जमिनीला लागायच्या आत हवेतच मारणं), दोन्ही पाय, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू सोडणं. त्याच्यात नव्हतं असं मला एकही कौशल्य सांगता येत नाही. बाकीच्या स्ट्रायकरांविषयी बोलताना आपण 'पण' म्हणतो. याच्याविषयी जो 'पण' आहे तो फक्त घोट्याचा.

---

धारकरी९०

फक्त घोट्याचा? मी इथे कडू बोलणार, कोणीतरी बोलायलाच हवं.

विश्वचषकात त्याचा एकही गोल नाही. एकही. १९९० ला इटलीत, म्हणजे ज्या देशात तो रोज खेळत होता तिथे, चार सामने खेळला आणि शून्य. तेव्हा दूरदर्शनवर ते सामने आम्ही जागून पाहिले होते. नेदरलँड्स म्हणजे युरोपचे विजेते, म्हणून केवढ्या अपेक्षेने बसलो होतो. इजिप्तशी १-१, इंग्लंडशी ०-०, आयर्लंडशी १-१ आणि मग पश्चिम जर्मनीकडून २-१ ने घरी. तेही सॅन सिरोवरच. १९९२ च्या युरोत पुन्हा शून्य गोल, आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये याचीच किक त्यांचा गोलकीपर श्मायकेलने अडवली. देशासाठी ५८ सामन्यांत २४ गोल, ही चांगली कामगिरी आहे, अलौकिक नाही.

मोठा क्लब खेळाडू, यात वाद नाही. पण एका स्पर्धेच्या, खरं तर १९८८ च्या जूनमधल्या दहा दिवसांच्या जोरावर त्याला सर्वकालीन श्रेष्ठांत बसवणं मला पटत नाही. आणि घोट्याची कहाणी इतकी हृदयद्रावक आहे की तिच्यामागे हे सगळं झाकलं जातं.

---

उजवी बाजू

धारकरी९०, मीही १९९० चे तेच सामने पाहिले होते. मी अकरा वर्षांचा होतो. मामा म्हणाला होता, बघ, हा जगातला सगळ्यात भारी फॉरवर्ड. मी आयर्लंडच्या सामन्यात फक्त त्याच्याकडे बघत बसलो होतो आणि शेवटी मामाला विचारलं, हाच का तो? त्यामुळे तुमची निराशा मला अगदी आतून कळते.

पण त्या संघाची अवस्था आठवा. खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून क्रायफ हवे होते, ते मिळाले नाहीत, लिओ बेनहाकर आले. संघ आतून फुटलेला होता. गुलिट गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमधून नुकताच उठला होता. एकटा व्हॅन बास्टेन नव्हे, त्या संघातला कोणीच आपल्यासारखा खेळला नाही.

आणि 'दहा दिवस' म्हणताय तर त्या दहा दिवसांत काय होतं ते तरी बघा. १९८८ च्या युरोत पहिल्या सामन्यात तो संघाच्या अकरा जणांत नव्हता. दुखापतीमुळे वर्षभर जवळजवळ खेळलाच नव्हता, त्याला १२ नंबरची जर्सी दिली होती. रिनस मिशेल्स यांनी जॉन बॉसमनला खेळवलं आणि सोव्हिएत संघाकडून नेदरलँड्स १-० हरले. तीन दिवसांनी इंग्लंडविरुद्ध हा सुरुवातीपासून उतरला आणि तीन गोल मारले. हॅम्बर्गला यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध ८८ व्या मिनिटाला विजयी गोल. २५ जूनला म्युनिकमध्ये पुन्हा सोव्हिएत संघ, आणि तो गोल. डावीकडून ३७ वर्षांच्या अर्नोल्ड म्युरेनने उंच, जरा जास्तच लांब गेलेला क्रॉस टाकला. व्हॅन बास्टेन पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या कडेला, जवळजवळ गोलरेषेच्या दिशेने निघालेला. तिथून कोणी गोलवर मारत नाही. नंतर तो सांगायचा की थांबवून एवढ्या बचावपटूंशी झुंजायची ताकद नव्हती, म्हणून मारून दिलं. चेंडू रिनात दासायेव्हच्या डोक्यावरून पलीकडच्या जाळीत. त्या काळच्या जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक तो!

नेदरलँड्सच्या पुरुष संघाने आजवर जिंकलेली ती एकमेव मोठी स्पर्धा आहे. क्रायफच्या १९७४ च्या संघालाही जे जमलं नाही, ते त्या दहा दिवसांनी दिलं.

---

पेठेतला बॅक

सांजवारा ताई, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करत होतो. 'किंमत माहीत नसताना केलेला सौदा' हे बरोबर लागलं. मला २००४ साली कोणी सांगितलं नव्हतं की पंचेचाळीसाव्या वर्षी जिना आडवं होऊन उतरावा लागेल. सांगितलं असतं तर? खरं सांगतो, मी तरीपण खेळलो असतो. पण सांगायला पाहिजे होतं, हे मी मानतो. तेवढं तुमचं बरोबर.

तुमच्या मुलाला उचलून घरी आणलंत ते चांगलं केलंत. चौदा वर्षं म्हणजे पोर आहे. बावीसचा गडी वेगळा.

---

अस्थिरोहिणी

बावीसचा गडीही डॉक्टर नसतो, दादा. आणि प्रशिक्षकही नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला कप हवा आहे त्याने फिटनेसचा निर्णय घेऊ नये. क्रायफना तो कप हवा होता. व्हॅन बास्टेनलाही हवा होता. त्या खोलीत ज्याला कप नको होता असं कोणी होतं का, हा माझा प्रश्न आहे.

सांजवारा, मुलाला आता एका पायावर उभं करून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांवर वेगवेगळं. मुरगळलेल्या बाजूला तो लवकर डगमगत असेल तर अजून काम बाकी आहे, दुखत नसलं तरी. तसं असेल तर जवळच्या चांगल्या फिजिओला दाखवा.

---

सांजवारा

उजव्या पायावर तीस सेकंद, डाव्यावर अकरा. उद्याच दाखवते. आभार.

तो माझ्या शेजारी बसून हा धागा वाचतोय. व्हॅन बास्टेनचं नाव त्याने फक्त मोबाइल गेममध्ये ऐकलं होतं. विचारतोय, पहिला कोणता गोल बघू?

---

मिलानवेडा

सगळे म्युनिकची ती व्हॉली सांगतील. ती नंतर बघ बाळा. आधी हॅम्बर्गचा बघ, पश्चिम जर्मनीविरुद्धचा, १-१ असताना. यान वाउटर्स मधून पास टाकतो, पास जरा पुढे गेल्यासारखा वाटतो. युर्गेन कोलर त्याच्या अंगाला चिकटून धावतोय, आणि कोलर म्हणजे त्या वेळचा सगळ्यात चिवट बचावपटू. दोघंही एकदमच घसरतात. व्हॅन बास्टेनचा उजवा पाय कोलरच्या आधी पोचतो, चेंडूला तिरका स्पर्श होतो आणि तो जमिनीलगत, फार वेगाने नाही, पलीकडच्या कोपऱ्याकडे निघतो. गोलकीपर झेपावतो, पुरत नाही. चेंडू आत जातो तेव्हा व्हॅन बास्टेन अजून खालीच आहे, एक पाय लांब पसरलेला.